वरच्या खोलीतला उकाडा

आमच्या गल्लीत तिला लहानथोर सगळे 'बाई' म्हणायचे. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत तिने कितीतरी वर्षं टायपिंग शिकवलं. आमच्यातल्या निम्म्यांच्या बोटांना वळण लावलं ते तिनेच. पुढे टायपिंगची यंत्रं भंगारात गेली आणि त्याच सुमारास तिच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी म्हणून सगळा जन्म उभ्याने काढलेला माणूस वरच्या खोलीत खाटेला खिळला. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती पहिल्यापासूनच तिखट होती.

घर चालायचं कसं, हा प्रश्न होताच. तिचा धाकटा भाऊ धावून आला. "ताई, टायपिंग आता कोण शिकतंय? गेम खेळायला लोक तासावर पैसे देतात. आपण दहा गेमिंग कॉम्प्युटर टाकू."

ते त्याने स्वतःच्या हाताने जोडले. काचेच्या बाजू, आत निळे-जांभळे दिवे, बघत राहावं असं काम. एका बाबतीत मात्र त्याने हात आखडता घेतला. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा मिळेल तो स्वस्तातला बसवला.

"हा डबा कोण बघतंय, ताई? दिवे दिसले पाहिजेत."

सुरुवातीला तळमजल्यावरचा हा गेमिंग हॉल भरभरून चालला. पण दहाही मशीन सुरू झाली की पंखे असे केकाटायचे की एकमेकांशी बोलायला ओरडावं लागे. खोलीत पाऊल टाकताच गरम हवेचा लोट अंगावर यायचा. एसी बसवला, तर विजेचं बिल फुगलं आणि उकाडा होता तिथेच राहिला. खालचं छत म्हणजे वरच्या खोलीची जमीन. उष्णता सरळ वर चढायची, जिथे नवरा कूससुद्धा बदलू शकत नव्हता.

"अगं, खाली वीटभट्टी लावलीस का?" तो वरून हाक मारायचा. "मी कच्चा राहिलोय असं वाटतंय का तुला?"

बाई हसायची, पण वर जाऊन त्याचा सदरा काढला की तिचं हसू मावळायचं. पाठभर घामोळं, खाली चादर ओलीचिंब. ती पाठ पुसायची, चादर बदलायची, खाली यायची, कोणाची तरी वेळ संपलेली असायची, कोणाचा माऊस चालत नसायचा. पुन्हा जिना. गुडघे बोलायला लागले होते. त्यांचं ऐकायला तिला वेळ नव्हता.

मग एका दुपारी, हॉल भरलेला असताना, कोपऱ्यातल्या मशीनमधून फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. पॉवर सप्लाय गेला, आणि जाता जाता मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही घेऊन गेला. थोड्याच दिवसांत शेजारचं मशीन त्याच वाटेने गेलं. दुष्काळात तेरावा महिना.

दुरुस्तीवाला आला. स्वतःच सर्दीने बेजार झालेला, कमी बोलणारा माणूस. जळका डबा त्याने हातात तोलून पाहिला.

"हलका आहे, बाई. हा भिंतीतून शंभर घेतो आणि सत्तर पुढे देतो. उरलेल्या तीसची नुसती गरमी. चांगला डबा नव्वद पुढे देतो."

"म्हणजे खोली थंड होईल?"

"थंड कसली होतेय! मशीन गरम होणारच. पण दहा मशीनचं धरलं तर एखादी शेगडी विझवल्यासारखं होईल. आणि चांगला डबा बिघडला तरी बहुधा एकटा जातो, दुसऱ्याला सोबत नेत नाही."

चांगल्या डब्याची किंमत ऐकून भाऊ उसळला. "ताई, चार वर्षांत मशीनच जुनं होणार. त्यात एवढा महागाचा डबा? नाकापेक्षा मोती जड!"

"मशीन जुनं होईल रे. डबा काढून नव्यात बसवता येतो ना?"

"येतो. पण एवढी वाट बघायला कोणाला वेळ आहे?"

"मला आहे," बाई म्हणाली. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

तिने जळलेली दोन मशीन दुरुस्तच केली नाहीत. ते पैसे चांगल्या डब्यांना घातले आणि उरलेल्या आठ मशीनवर हॉल चालवला. एकदम सगळे घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून जसजसं जमलं तसतसा एकेक बदलला. भाऊ रुसून निघून गेला आणि त्याने दुसऱ्या वस्तीत स्वतःचा हॉल काढला, बाईच्या हॉलपेक्षा मोठा आणि दिव्यांनी लखलखणारा.

बाईला वाटलं होतं, डबे बदलले की काहीतरी हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जिना तेवढाच होता आणि गुडघे आणखी वाईट झाले होते. फरक आधी नवऱ्याच्या लक्षात आला. शेवटचा डबा बदलल्यावर काही दिवसांनी तो म्हणाला, "अगं, पंख्याचा वेग कमी कर जरा. आणि माझी पाठ बघ."

तिने पाहिलं. घामोळं सुकलं होतं. ती तिथेच खाटेच्या कडेला बसली.

"रडतेस काय? मी काही बरा झालेलो नाही," तो म्हणाला.

"रडत नाहीये. बसलेय. बसू द्या."

वर्षं गेली. खेळ जड होत गेले, तसे मदरबोर्ड बदलले, कार्डं दोनदा बदलली. डबे मात्र तेच, जुन्यातून काढून नव्यात बसवलेले. बिल आटोक्यात राहिलं. त्यात कोणी श्रीमंत होत नाही, पण हॉल बंद पडला नाही. भावाचा पडला. एकामागून एक मशीन जळत गेली आणि दुरुस्तीतच त्याचं कंबरडं मोडलं.

तो आला तेव्हा बाईने विचारपूस केली नाही. चहा पुढे ठेवला.

"ताई, तू म्हणत होतीस..."

"मी काय म्हणत होते ते मला आठवत नाही. दुपारचा हॉल सांभाळशील का? मला त्यांच्याजवळ बसायचंय."

त्याने सांभाळला. भाऊजींना उचलून खुर्चीत बसवायलाही तोच वर जायचा. "मेहुणे, सावकाश! मी मशीन नाही," असं नवरा दर वेळी म्हणायचा. पुढच्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला, कोरड्या पाठीचा, स्वच्छ चादरीवर.

काही महिन्यांनी बाईने हॉल भावाच्या हाती सोपवला. "दिवे हवे तेवढे लाव. डब्याला हात लावायचा तर आधी मला विचार," एवढंच सांगितलं, जिना चढली आणि आडवी झाली. दुसरा दिवस कलला तरी दार उघडेना, तेव्हा आम्ही घाबरून ठोठावलं.

"काय आहे?" आतून आवाज आला. "झोपू द्या की मला."