पंपांच्या सोयरिकी जुळवणारे मामा

माझ्या आत्याच्या मालकांनी मला माणसात आणलं, हे आधी सांगतो. काय झालं ते मग. आमच्या म्हसवडकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, सांगलीपासून साताऱ्यापर्यंत माझ्या मामांइतका संशयी, हट्टी आणि मायाळू पंपमिस्त्री दुसरा झाला नाही. ट्रकवाले त्यांच्या सांगलीतल्या दुकानाच्या दारात शिव्या देत यायचे आणि पाया पडून जायचे. काहीजण जातानाही शिव्याच द्यायचे, पण पुढच्या खेपेला तेच पुन्हा दारात उभे.

डिझेल गाडीत टाकीतलं तेल ओढून इंजिनाकडे पोचवणारा एक छोटा पंप असतो, त्याला फीड पंप म्हणतात. इंजिनाची ताकद वाढवली की त्याची तहानही वाढते, जुना पंप पुरा पडत नाही, आणि भरली गाडी चढाला धापा टाकायला लागते. अशा दांडग्या इंजिनांना कुठला पंप बसवायचा हे मामा ठरवायचे, आणि घरातल्या पोरीचं स्थळ बघावं तसं ठरवायचे. ट्रक दारात लागला की आधी ड्रायव्हरला बाकावर बसवायचं, चहा पाजायचा आणि चौकशी सुरू. टाकी इंजिनापासून किती लांब? माल काय नेतोस, हळद का गूळ का लोखंड? घाट कुठले लागतात? आधी कुणी हात घातला होता? एकदा एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आवं मिस्त्री, पंप बसवताय का पोरगी देताय?" मामा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "पोरगी नांदली न्हाई तर म्हायेराला येती. पंप नांदला न्हाई तर तू घाटात बसशील."

कराडकडचा एक तरुण मालक आला होता. इंजिनाची ताकद भरपूर वाढवून घेतलेली, गळ्यात साखळी, आणि मागणी एकच, बाजारात असेल तो सगळ्यात मोठा पंप द्या. मामांनी त्याला खालीवर बघितलं. "सासरा तालेवार हाय म्हनून जावई चार ताटं जेवतोय व्हय रं? ज्यादा प्रेशर गेलं की आतलं सील फुटतंय, डिझेल उतरतंय ऑईलात, मग बस इंजिनाच्या नावानं रडत." त्याला मधल्या मापाचा पंप बसवून दिला. तो तोंड फुगवून गेला आणि दिवाळीला घरचा चिवडा घेऊन आला.

पण मामांचा खरा हट्ट वेगळाच. रिकाम्या गाडीवर ते पंप पास करायचे नाहीत. "मोकळ्या गाडीला समदंच पंप चांगलं," म्हणायचे. आता सांगलीत चढ म्हणजे पुलाचा तेवढा. म्हणून मामा भरल्या ट्रकमध्ये बसून थेट साताऱ्याच्या पुढे जायचे, बोगद्यातून पलीकडे उतरायचे, गाडी वळवायची आणि खंबाटकीचा घाट चढून परत यायचं. डिझेलच्या वाटेवर एक पारदर्शक नळी जोडून तिचं वेटोळं खिडकीतून केबिनमध्ये घेतलेलं असायचं, आणि मामा ते दोन्ही हातांत धरून घाटभर बघत राहायचे. पंप इंजिनाशी जुळला नाही, वाजवीपेक्षा जास्त ओढायला लागला, की कुठल्यातरी जोडातून हवा घेतो आणि नळीत बुडबुडे दिसतात. नळी निर्मळ राहिली तर लग्न लागलं.

एकदा एक ट्रक रिकामाच आला. शेजाऱ्याच्या दारात बांधकामाच्या विटा रचलेल्या होत्या. मामांनी त्या भरल्या, घाट दाखवून संध्याकाळी आणून पुन्हा होत्या तशा रचल्या. तोवर शेजारी गावभर चोर शोधत फिरत होता. दुसऱ्या एका सकाळी आत्यानं त्यांना कोथिंबीर आणायला धाडलं, तर वाटेत ओळखीचा ट्रक भेटला. दुपारी घाटाच्या माथ्यावरून फोन आला, "कोथिंबीर घेतलीया. लय झ्याक हाय. तवर डाळ शिजवून ठेव." आत्या म्हणाली, "डाळ शिजून, जेवून, भांडी बी झाली."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सगळीकडून परत आलेला माणूस होतो. घरची मेंढरं भावाच्या वाटणीला, हॉटेलातलं काम सुटलेलं, शाळा तर कधीच सोडलेली. स्वभाव असा घाबरा, की कडी लावली तरी परत जाऊन ओढून बघणारा. खाली मान घालून म्हणालो, "मामा, आठवीच झालीया." मामा म्हणाले, "लय झाली. पंपाला कुठं वाचाय येतंय?" आणि माझं भ्यालेपण त्यांनी कामाला लावलं. प्रत्येक जोड दोनदा आवळून बघणारा माणूस त्यांना हवाच होता म्हणे.

मग तो गुळाचा ट्रक आला. भर दुपारी घाट चढत होतो. मामा नळी धरून बसले होते. अर्धा चढ झाल्यावर म्हणाले, "निर्मळ हाय. पास." मी वाकून बघितलं. नळीतून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ चालली होती.

"मामा, बुडबुडं हायत."

"कुठं?"

"तुमच्या अंगठ्यापाशी."

त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, खिडकीच्या उजेडाकडे केली. तोवर इंजिन अडखळायला लागलं होतं. ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं मिस्त्री?" मामा म्हणाले, "काय न्हाई. गाडी कडंला घे. पंप बदलायचा हाय. आनि मिस्त्री बी." ड्रायव्हर खदखदून हसला. मामाही हसले. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, मामांची साखर डोळ्यांच्या पडद्यापर्यंत गेली आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जपा. मी मनाशी ठरवून टाकलं, आता जन्मभर यांच्या शेजारी बसायचं, बघायचं मी आणि ठरवायचं त्यांनी. माझी कुठं जायची धास्तीही त्यात मिटत होती. पण मामांनी मला न सांगता फौजेतून सुटून ओडिशातल्या एका खाणीवर लागलेल्या जुन्या मित्राला फोन केला आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये माझी जागा ठरवली. जेवताना सांगितलं. मी म्हणालो, "मी न्हाई जायचा. तुम्हाला कोन बगंल?"

"तुजी आत्या हाय की. इतकी वर्सं डोळं वटारून बगतीयाच."

आत्या वाढता वाढता थांबली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "त्या दिशी तू नळीकडं बगून बोललास गड्या, माझ्या तोंडाकडं बगून न्हाई. हितं ऱ्हायलास तर आदी माझं तोंड बगशील, मंग बोलशील. माझी नजर गेली ती गेली, तुजी बी जाईल."

मी ओडिशाला आलो. इथे लाल धूळ आहे, घराएवढे डंपर आहेत, आणि भाषा अजून निम्मीच कळते. पंप बसवायच्या आधी मी डंपरवाल्याला चौकशा करतो, तो हसतो, मी करतो. माझं बरं चाललंय, हेच मनाला लागतं. सांगलीला दुकानाचं शटर आता खालीच असतं. आत्या सकाळी दारात खुर्ची मांडून देते, मामा रस्त्याकडे तोंड करून बसतात. समोरून गेला तो ट्रक एवढं कळतं, कुणाचा ते कळत नाही.

परवा फोनवर म्हणाले, "कृष्णेला पानी आलंय रं. पर किती, त्ये कोन धड सांगंना. आत्या म्हंती उतरतंय, शेजारी म्हंतोय काय काळजी करू नगा. समदी माझ्या तोंडाकडं बगून सांगत्यात."

फोनवर जमलं नाही ते इथे लिहितो. मामा, मी परत येणार आहे. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, पण एवढं नक्की करीन. तुमच्या हाताला धरून नदीवर नेईन, आणि पाणी कितव्या पायरीला लागलंय ते सांगेन. उतरलं असेल तर उतरलंय म्हणेन. चढलं असेल तर चढलंय म्हणेन.