बिनटपाची गाडी

माझ्या सासरच्या छपरीत एक गाडी राहत होती. एखाद्या बिलंदर भाडेकरूसारखी: हलायची नाही, काही द्यायची नाही, आणि "निघा" म्हटलं की आमच्या ह्यांनाच वाईट वाटायचं.

गाडी विलायती. कुण्या इंग्रज साहेबाने सिंदीतल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात टाकून दिलेली. लांब नाकाची, उघडी, दोनच माणसं बसतील एवढी, चाकांना सायकलसारख्या तारा. ह्यांनी ती आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या. त्या अंड्यांसकट आल्या. सत्तरचं दशक सरत आलं होतं, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याकडे मोटार आहे म्हणजे आपण खूप फिरणार, असं मला वाटलं. फिरले की! गाडीभोवती, हातात पाना घेऊन.

मला त्या छपरीत चक्की टाकायची होती. आमच्या बाजूला पिठाची चक्की नव्हती. डोक्यावर दळण घेऊन रेल्वे फाटकापलीकडे जावं लागे, आणि फाटकवाला माझा डबा बघूनच फाटक पाडतो अशी माझी खात्री होती. कोळशाची मालगाडी एकदा आली की संपायचं नाव घेत नसे. तिथे भर उन्हात उभ्या राहून आम्ही बायकांनी गावातली किती लग्नं जुळवली आणि किती मोडली, काही विचारू नका.

ह्यांनी शब्द दिला होता, "गाडी चालू झाली का विकतो. मंग छपरी तुही."

आता कळलं ना, गाडी चालू का होत नव्हती?

शेवटी मीच पदर खोचला. आतली लाकडी चौकट कुजली होती, ती बैलबंड्या करणाऱ्या सुताराकडून सागवानाची करून आणवली. चपला शिवणाऱ्याकडून गाद्यांना चामडं लावून घेतलं. घरातलं रॉकेल स्टोव्हपेक्षा त्या इंजिनानेच जास्त खाल्लं. आणि एका दुपारी गाडी खोकली, शिंकली, धडधडायला लागली. हे अंगणात नाचले. मी छपरीत जाऊन चक्कीसाठी पावलांनी माप घेतलं.

"विकणे आहे" अशी पाटी लागली. पहिला आला फाटकाजवळचा पत्र्याचा दुकानदार. गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाला,

"भाऊ, टप कोठी हाय?"

"ह्या गाडीले टप नसतेच. इंग्रज लोक हवा खात फिरत."

"हवा त बंडीतबी फुकट भेटते. पानी आलं मंजे?"

ह्यांनी मागे घडी करून ठेवलेलं कापडी छत ओढून दाखवलं.

"हे त छत्री झाली! अर्धी गाडी दाखवून पुरी विकून राह्यले का? टप बसवा, मंग बोलू."

दुकानदार गेला आणि हे शीळ घालत घरात आले. गिऱ्हाईक परत गेल्यावर शीळ घालणारा विक्रेता मी तोवर पाहिला नव्हता.

मग रोहण्याकडचे एक शेतकरी आले. त्यांना पोराच्या वरातीसाठी गाडी हवी होती. ते बसले, उतरले, पुन्हा बसले, आणि विचारात पडले.

"नवरदेव इथं, नवरी तिथं. मंग चालवन कोन?"

"नवरदेव," हे म्हणाले.

"त्याले बैल हाकता येते, हे नाई."

"मंग डायवर इथं, नवरी तिथं."

"अन् नवरदेव पायदल? बाप्पा! लोक म्हनतीन, पोरगी डायवरले देल्ली!"

तेही गेले. शीळ लांबत चालली आणि माझी चक्की दूर दूर.

मग आदल्या दिवशी निरोप धाडून वर्ध्याहून एक डॉक्टर आले. त्यांनी टप विचारलाच नाही. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा गाडीवरून हात फिरवला, तेव्हाच ह्यांचा चेहरा उतरला.

"चालू करा पाहू," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी बटण दाबलं. गाडी घरघरली, पण पेटली नाही. पुन्हा दाबलं, तेच. हे सुतकी तोंड करून म्हणाले, "लई दिवसाची आजारी हाय, डॉक्टरसाहेब. हिचं काई खरं नाई."

माझा नवरा नट म्हणून फार कच्चा. सकाळी चहा होताच हे छपरीत जाऊन आले होते आणि तेव्हापासून उजवा हात खिशातून निघाला नव्हता. मी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आले.

"डॉक्टरसाहेब, दुखनं इंजिनात नाई, ह्यायच्या खिशात हाय!"

खिशातून निघाला इंजिनाला ठिणगी पोचवणारा बोटभर तुकडा. मी तो जागेवर बसवला आणि बटण दाबलं. गाडी अशी गरजली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. डॉक्टर हसता हसता मडगार्डवरच बसले, आणि गाडी घेऊनच गेले.

त्या संध्याकाळी हे रिकाम्या छपरीत जाऊन बसले. मी ताट तिथेच नेऊन दिलं. चक्कीची मोटर येईपर्यंत हे रोज तिथेच जेवले. मोटर आली, ह्यांनी ती आतून कशी असते बघायला लगेच खोलली, आणि माझा नवरा मला परत मिळाला.

पुढे ऐन उन्हाळ्यात, चक्कीपुढे बायकांची रांग उभी असताना, पत्र्याचा दुकानदार हातगाडी ढकलत घामाघूम होऊन आला.

"भाऊ, टप भेटला! जुन्या जीपचा हाय, पन बसन बरोबर!"

पिठाने पांढरे झालेल्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चक्कीत ज्वारी ओतत राहिले. ह्यांनी कपडे झटकले, चहा मागवला आणि भाव सुरू केला. दुकानदार खाली ओढत होता, हे वर. टपाबद्दल सूट ठरली, दोघं खूश झाले, आणि मग दुकानदाराने विचारलं, "गाडी कोठी हाय?"

"वर्ध्याले. कवाचीच गेली."

"मंग मी काऊन भाव करून राह्यलो?"

"मले काय मालूम? तुमी मजेत दिसले."

रांगेतल्या बायका डबे खाली ठेवून हसल्या. टप परत ढकलत न्यायची दुकानदाराची तयारी नव्हती. त्याच्या घरचं दळण आम्ही बिनपैशाचं करायचं ठरलं आणि टप चार लाकडी बल्ल्यांवर चक्कीपुढे चढला. रांगेला सावली झाली.

दुकानदाराची बायको पहिल्यांदा दळण घेऊन आली, तेव्हा त्याच सावलीत उभी राहून वर बघत म्हणाली, "वयनी, हा टप कोन्या गाडीचा वो?"

"बिनटपाच्या," मी म्हणाले.