ठमीच्या तोंडाचा गोड वास

आमच्या भावोजींना सगळी गल्ली हंराव म्हणते. जेवलात का? हं. दूध आहे का? हं. अहो, घराला आग लागलीय! हं. असा माणूस. माझ्या मावसबहिणीचं यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "काय बोलायचं ते आत्ताच बोलून घे गं बाई, पुढे भिंतीशीच बोलायचंय." तर ती म्हणते कशी, "भिंत बरी की ताई. उलटून बोलत नाही."

संसार मात्र झकास केला दोघांनी. वस्तीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, घराला चिकटून गोठा, गोठ्यात तीन गाई. सकाळची धार भावोजींची, संध्याकाळची तिची. बोलायचं तिने, हं म्हणायचं यांनी. मूलबाळ झालं नाही, पण त्याचं रडगाणं कधी ऐकलं नाही.

तिची एक खोड होती. गाय व्याली की पुढे बरेच दिवस ती रोज सकाळी गाईचं तोंड दोन्ही हातांत धरायची आणि नाक लावून हुंगायची. भावोजींनी जन्मात जे चारदोन विनोद केले असतील, त्यातला एक यावरचा. "कधी माझंही तोंड असं धर की." ती म्हणायची, "तुमच्या तोंडाला विडीचा वास येतो. गाईचं बरं." आम्ही हसून हसून लोळायचो. का हुंगतेस विचारलं तर म्हणायची, "गोड आहे का बघते." भावोजींना वाटायचं, लाडाने म्हणतेय. मग कधी ती गाईला गुळाचं पाणी पाजायची, कधी गुरांच्या डॉक्टरबाईंना बोलावणं धाडायची. ते तिचं ती बघायची. भावोजी मध्ये पडत नसत.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच संपलं सगळं.

भावोजींनी दोन गाई विकल्या. ठेवली ती एकटी ठमी, कारण ती तिची लाडकी. नाव ठमी, नखरे राणीचे. अंगावरून हात फिरवला नाही तर बादलीला लाथ. सकाळची धार भावोजी काढायचे. संध्याकाळ झाली की बादली घ्यायचे, गोठ्याच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. ती धार तिची होती ना! असं होत होत ठमी वेळेच्या कितीतरी आधी आटली. पोटात वासरू, पण विण्याला अजून अवकाश. नुसतं खायचं नि बसायचं. आपल्याला मिळालं असतं तर आपणही नको म्हटलं नसतं.

आणि खायला काय कमी? भावोजी स्वयंपाक शिकले, पण हाताला माप दोघांचंच लागलं. तांदळाच्या डब्यात वाटी घालायचे ती तिचीच. एकदा मी म्हटलं, "अहो, एकट्याला एवढा भात?" तर म्हणाले, "कमी घेतला की पातेलं रिकामं दिसतं." मग अर्धा भात ताटात आणि अर्धा ठमीच्या गव्हाणीत. पेंड घालायची ती ओंजळीने नाही, घमेल्याने. स्वतः उलट्या बादलीवर बसून तिच्यासमोर जेवायचे. घरात जेवायचेच बंद झाले म्हणा ना. स्वतः काडीसारखे झाले आणि ठमी अशी फुगली की पाठीवर पाणी ओतलं तर साचून राहावं! येणारा जाणारा वाखाणायचा, "गाय पाहावी तर हंरावांची!" आणि तेवढ्यापुरती त्यांची मान ताठ व्हायची.

ठमी व्याली, कालवड झाली. सगळं नीट. मी थोड्या दिवसांनी कालवड बघायला गेले, तर भावोजी बादलीवर बसलेले, ताट मांडीवर तसंच. गव्हाणीत पेंड पडलेली, भात वाळलेला. ठमी मान टाकून उभी. डोळे खोल गेलेले.

"काय हो भावोजी, दोघांचा उपास आहे की काय?"

"हं."

"हिला झालंय काय?"

मांडीवरचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाले, "तिची आठवण येतेय तिला."

"कुणाला?"

"ठमीला. प्रत्येक बाळंतपणात ती असायची जवळ. आता नाही, म्हणून खात नाही. मलाही नाही जात."

दूध जवळपास बंद होतं, कालवडीला शेजारच्या गोठ्यातून दूध आणून पाजत होते, आणि हा माणूस गाईबरोबर सुतक पाळत बसला होता. डॉक्टरला कशाला बोलवायचं? दुःखाला का औषध असतं?

मी पदर सावरत पुढे झाले. म्हटलं, तिच्या बहिणीचा हात लागू दे मुक्या जनावराला. ठमीचं तोंड धरलं आणि तिने फुस्स करून माझ्या तोंडावर श्वास सोडला.

"अगं बाई! भावोजी, इथे फळं ठेवलीत का कुजायला?"

"नाही."

"सफरचंद सडल्यासारखं येतंय हो! नाही, थांबा. माझी सून नखांचा रंग पुसते ना, त्या बाटलीसारखं. गोड गोड, डोक्यात जाणारं."

त्यांनी जवळ येऊन हुंगलं. "गोठ्याचा वास आहे."

"अहो, तो आहेच. त्याच्यावर हा!"

परत हुंगलं. ठमीच्या नाकपुडीत स्वतःचं नाक जवळजवळ घातलंच म्हणा. मान हलवली. "चेष्टा करताय ताई?"

"तुमची शपथ! एवढा येतोय की माझं डोकं उठलं."

ते तसेच वाकलेले राहिले. शेण कळायचं, धूर कळायचा, नासलेलं दूध त्यांना माझ्याआधी कळायचं. हा एकच वास त्यांच्या नाकाला नव्हता, आणि इतक्या वर्षांत तो नाही हे त्यांना कळलंच नव्हतं. कळायची गरज काय होती? तिचं नाक होतं घरात.

"म्हणजे ती खरंच हुंगत होती," भावोजी म्हणाले. एका दिवसात त्यांच्या तोंडून एवढी वाक्यं मी लग्नातही ऐकली नव्हती.

मी फोन लावला. डॉक्टरबाई दुपारी आल्या. बाई तरुण, पण जीभ धारदार. आल्या आल्या ठमीच्या पाठीवरून, कमरेवरून, शेपटीच्या मुळाशी हात फिरवला. "इथे हाताला हाड लागायला हवं. ही गादी आहे. कापूस कुणी भरला?"

मी तोंड दाबून हसले. भावोजी नाही हसले.

बाईंनी लघवीत कागदाची पट्टी बुडवली. बघता बघता जांभळी झाली, पिकल्या जांभळासारखी. मग त्यांनी समजावलं ते असं. गाय व्याली की दुधाला ताकद लागते फार. ती खाऊन भरून काढायची. पण फार जाड गाय नेमकी तेव्हाच खाणं टाकते. मग अंगावरची चरबी वितळायला लागते, सगळी एकदम, आणि जाऊन बसते लिव्हरवर. लिव्हर दमलं की रक्तात हे गोड वासाचं विष साठतं, तेच तोंडाला येतं, आणि त्याने उरलीसुरली भूकही मरते.

"म्हणजे आठवण नाही?" भावोजींनी विचारलं.

"कसली आठवण?"

"काही नाही."

"खायला काय घालत होतात आटल्यापासून?"

"पेंड. आणि मी खातो तेच."

"किती?"

"एका माणसाचं."

"कुठल्या माणसाचं?" बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. त्यांना बिचारीला काय ठाऊक!

भावोजी गव्हाणीतला वाळलेला भात काढायला लागले. बाईंनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि वही मिटली. शिरेतून साखरेचं पाणी लावलं, पाजायचं औषध दिलं. जाताना मात्र खरं ते बोलल्या. "वाचेल असं छातीठोक सांगत नाही. उशीर झालाय. वाळलं गवत तेवढं तोंडापुढे ठेवा, आणि रोज सकाळी हुंगून बघा. वास कमी होत गेला तर समजा, ठमी येतेय परत."

बाई गेल्या. भावोजी माझ्याकडे न बघता दोरी गुंडाळत राहिले. सोडायची, परत गुंडाळायची. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाकडे विरजण मागितलं नाही, त्याला काय अवघड गेलं असेल!

"ताई, तुमचं नाक... म्हणजे सकाळी जरा येता का?"

"येईन की. पण विडी ओढून माझ्यापुढे उभं राहायचं नाही."

"हं."

मग माझा तो धंदाच झाला. उठायचं, चहाच्या आधी गाईचं तोंड हुंगायचं. माझा नवरा म्हणाला, "जरा माझ्याकडेही बघ." पुरुष मेले सगळे सारखेच! रोज भावोजी कंदील धरल्यासारखी मान पुढे करून उभे असायचे. "येतोय?" "येतोय." मग ते नळीने औषध पाजायचे, ठमीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे. एका सकाळी वास इतका होता की मी खोटं बोलणार होते. पण खोटं बोलून गाय कशी जगणार? "जास्त आहे," म्हटलं. त्यांनी बाईंना बोलावलं, बाईंनी परत सुई लावली. त्या दिवशी ते कामालाच लागले नाहीत, ठमीच्या मानेला मान लावून उभे राहिले.

आणि मग एकदा मी तोंड धरलं तर ठमीने माझ्या पदराचं टोक ओढलं आणि चावायला घेतलं! चांगला नवा पदर. हुंगलं तर नुसता गवताचा, गाईच्या तोंडाचा वास.

"नाही येत!" मी ओरडले.

"नीट बघा."

"अहो, नाही येत! ती माझी साडी खातेय, आणखी काय हवं?"

त्यांनी स्वतः वाकून हुंगलं. त्यांना काय, तेव्हाही काही येत नव्हतं आणि आताही नाही. तरी बराच वेळ हुंगत होते.

"कसा होता तो वास? नीट सांगा."

मी परत सांगितलं. सडकं सफरचंद, नखांच्या रंगाची बाटली. ते असे ऐकत होते, जशी कुणी गावाहून आलेल्या माणसाकडून घरची खबर ऐकतो.

ठमी आता धट्टीकट्टी आहे, हाडं हाताला लागतात. गव्हाणीत गवत आणि मोजकी पेंड. भात बंद. भावोजींनी फडताळातून छोटं पातेलं काढलंय, दूध तापवायचं होतं ते. त्यात एकट्याचा भात बसतो. "आमच्याकडे या जेवायला," मी दहादा सांगितलं. हं म्हणतात, येत नाहीत.

बाई म्हणाल्या, आता हुंगायची काही गरज नाही. ते मी भावोजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी हजर.

"ताई, जरा बघता?"

"अहो, बरी झाली ती. कालवड मोठी झाली!"

"तरी."

म्हणून जाते. तोंड धरते, नाक लावते. ते बाजूला उभे, मान पुढे करून.

"काही नाही," मी म्हणते.

"हं," भावोजी म्हणतात, आणि तरी तिथेच उभे राहतात.