रेघवाल्या बाई

छापखाना बंद पडला तेव्हा बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. सतरा वर्षं मुद्रितं तपासलेली. ओळीत एखादं अक्षर केसभर वर बसलं तरी डोळ्यांत खुपायचं. त्या डोळ्यांच्या जोरावरच त्यांना वेधशाळेत काम मिळालं. दुर्बिणीने टिपलेले ताऱ्यांचे वर्णपट दिवसा तपासून लावून ठेवायचे. वर्णपट म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फोडलेली पट्टी. तिच्यात मधूनमधून काळ्या रेघा. आठ वर्षांत सगळे त्यांना रेघवाल्या बाई म्हणू लागले.

त्या सुमारास एका श्वेतबटूवर, म्हणजे जळून संपून पृथ्वीएवढ्या आकारात आक्रसलेल्या ताऱ्यावर, 'निकामी' असा शेरा पडला. त्याची रेघ फारच पसरट आली होती. बाईंना काही चैन पडेना. ती रेघ होती वीस पट्ट्यांची सरासरी. त्यांनी विसाच्या वीस सुट्या करून एकीखाली एक लावल्या. प्रत्येकीत रेघ बारीक, स्वच्छ. फक्त जागा बदलत होती. निळ्याकडे, मग तांबड्याकडे, पुन्हा निळ्याकडे.

विभागप्रमुख सर वर न बघताच म्हणाले, "यंत्र हललं असेल, बाई."

"मग मापासाठी पट्टीच्या कडेला टिपतो त्या दिव्याच्या रेघाही हलल्या असत्या, सर. त्या जागच्या जागी आहेत."

सरांनी मान वर केली. "रेघ निळ्याकडे म्हणजे तारा आपल्याकडे येतो, तांबड्याकडे म्हणजे लांब जातो, आणि परत येतो?"

"तसंच दिसतंय."

घरी नवरा म्हणाला, "नसती उठाठेव कशाला? तारा काय पळून जाणार आहे?"

"अहो, पळतोय, तेच तर सांगतेय!"

सरांनी महिन्याभराने पुन्हा तीन रात्री वेध घेतले. बाईंचं खरं निघालं. तो तारा न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती दोन तास दहा मिनिटांत गिरकी घेत होता. शोधनिबंधावर तिसरं नाव बाईंचं लागलं. सभेत सर सरळ म्हणाले, "मी तो टाकून दिला होता." बाई उठून पाणी प्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र सरांपुढे उभ्या राहिल्या. "टाकलेले सगळे वर्णपट मला द्या."

ते निघाले तीनशे बारा. रोजचं काम सांभाळून ते धुंडाळायला दहा वर्षं गेली. बहुतेक खरंच ढगाळलेले, अंधुक. चारांत मात्र तशाच ताऱ्यांच्या जोड्या निघाल्या. चौथी निवृत्तीच्या आठवड्यात.

"वर्षभर थांबाल?" सरांनी विचारलं.

"सहा महिने," बाई म्हणाल्या, आणि दीड वर्ष थांबल्या.