दुधाच्या झाकणावरचं लोखंड

आमच्या घरात दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर एक लोखंडी पट्टी असते. मांजराने झाकण सरकवू नये म्हणून. तळहाताएवढीच आहे, पण उचलली की हाताला कळते. ती पट्टी कुठून आली हे कुसुमला माहीत नव्हतं. वैशूला आजही माहीत नाही. कुसुम माझी बायको, मागच्या दिवाळीच्या आधी गेली. वैशू आमची एकुलती लेक. या दोघींपासून जे लपवलं ते तिसऱ्या कुणाला कसं सांगणार? म्हणून ते राहिलं. आज तुमच्यापाशी काढतोय. बोलता येत नाही, लिहून बघतो.

लिहायची सवय नाही मला. सातवीनंतर शाळा सुटली आणि मी सातपूरला मोटारी भरायला शिकलो — म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची. पुढे स्वतःचा गाळा घेतला. निफाड, सायखेड्याकडचे द्राक्षवाले विहिरीच्या मोटारी घेऊन यायचे. मी मोटार नुसती उचलायचो आणि सांगायचो — हिच्यात तांबं कमी घातलंय, फसवलं तुम्हाला. उघडल्यावर तसंच निघायचं. लोक माना डोलवायचे. आमच्या धंद्यात जड ते खरं. हात खोटं बोलत नाही असं मी सगळ्यांना ऐकवायचो. कुसुमला तर इतक्यांदा ऐकवलं की ती वांगी घेतानाही म्हणायची, "अहो, तुम्ही उचला, तुमचा हात खरा."

तो हात. त्याच्यापासूनच सुरुवात झाली.

वैशू संगणकावर घरांची चित्रं करायची. इमारत अजून बांधलेलीच नाही, आणि चित्रात तिच्या गॅलरीतल्या कुंडीवर ऊन पडलेलं दिसायचं. बिल्डर लोक ती चित्रं गिऱ्हाइकांना दाखवायचे. जुन्या संगणकावर एका चित्राला दिवस जायचा, म्हणून तिने नवा, ताकदवान संगणक जुळवायला घेतला. एकेक भाग स्वतः निवडला. राहिला पॉवर सप्लाय. म्हणजे तो डबा, जो घरातली वीज घेतो आणि आतल्या सगळ्यांना वाटून देतो. तो तिने माझ्यावर सोपवला.

"आप्पा, सप्लाय तेवढा तुम्ही आणा. साडेआठशे वॅटचा." कंपनीचं नावही सांगितलं. मग म्हणाली, "विजेचं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

लेकीने बापाला असं म्हणावं, यापेक्षा आणखी काय पाहिजे माणसाला?

दुकानात गेलो. दुकानदार चांगला होता, हे आधीच सांगतो. त्याने वैशूने सांगितलेलाच डबा पुढे ठेवला. मी उचलला. हलका. "अहो, यात तांबं आहे का कापूस?" मी म्हणालो. तो हसला. म्हणाला, "काका, मोठं काम सुरू झालं की ग्राफिक्स कार्ड एकदम ओढतं. तो झटका पेलला पाहिजे. वॅट काय, लेबलावर कुणीही छापतं. आणि हे वजनावर नसतं. मोटारीचं वेगळं, हे वेगळं."

वजनावर नसतं. दुकानात अजून दोन-चार गिऱ्हाइकं होती, त्यांनी माझ्याकडे बघितलं. बस्स, एवढंच झालं. कुणी अपमान केला नव्हता. पण माझं डोकं फिरलं. जन्मभर ज्या हातावर पोट भरलं, तो हात याने पाच मिनिटांत खोटा ठरवला? "बघतो मग," म्हणालो आणि दुकानाच्या पायऱ्या उतरलो.

स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, असं सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं. तसं नव्हतं. मला तो दुकानदार खोटा पाडायचा होता.

शालिमारच्या मागच्या एका बोळात एक जण असलं सामान घेऊन बसायचा. त्याच्याकडचे डबे मी कलिंगडासारखे एकेक उचलून पाहिले. सगळ्यात जड होता तो घेतला. लेबलावर साडेआठशेच होतं. "गॅरंटी?" मी विचारलं. "काका, एवढं वजन हाय, याला काय धाड भरतीय?" तो म्हणाला. मला पटलं. माझीच भाषा होती ना ती.

घरी सांगितलं, तू म्हणालीस तो संपला होता, पण हा त्याच्यापेक्षा भारी आहे. पहिलं खोटं ते. वैशूने डबा हातात घेतला. "बापरे, जड आहे हो आप्पा." मी कुसुमकडे बघितलं. तीही कौतुकाने बघत होती.

संगणक लागला, चालला. छोटी कामं होत राहिली. मग गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या स्कीमचं काम आलं. हे नीट झालं की पुढचं सगळं काम तुलाच, असं बिल्डरने तिला सांगितलेलं. वैशू खूश होती. इथेच नाशकात स्वतःचं ऑफिस टाकायचं, आईच्या हातचं जेवून कामाला जायचं, असं तिचं चाललं होतं. कुसुमने त्या ऑफिसच्या पूजेला कुणाला बोलवायचं तेसुद्धा ठरवून टाकलेलं.

त्या दुपारी वैशूने सगळं काम मशीनवर चढवलं. पंखे भरभर फिरायला लागले. कुसुम स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी करत होती. तिने मिक्सरचं बटण दाबलं. मिक्सर घुर्र झाला आणि त्याच वेळी वैशूच्या खोलीत फट्‌कन आवाज. घरातली वीज गेली. टेबलाखालून धूर आला.

सगळं गेलं. डबा गेला, त्याने कार्ड नेलं, बोर्ड नेलं, आणि ज्यात चित्रं होती तेही नेलं. दुसरीकडे ठेवलेली प्रत होती ती अर्ध्या कामाची. कुसुम मिक्सरचं झाकण हातात घेऊन दारात आली. बोटांना तिखट लागलेलं. "काय झालं गं?" वैशू माझ्याकडे वळली.

"आप्पा — मिक्सरमुळे होतं का असं?"

इथे येऊन मी दर वेळी थांबतो. मनातल्या मनात सुद्धा. चहा करायला उठतो, दाराची कडी बघतो. पण आता लिहायला बसलोय तर लिहितो.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. डबा उघडला कुठे होता? पण मी आयुष्यभर मोटारीच्या तारेवरचं जळकं वार्निश हुंगलेलं. कोणतं यंत्र कुठून जळालं हे मला नाकाने कळतं. वास त्या डब्यातून येत होता, आणि मिक्सरने असं होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरातलं मेन बटण पडलं तेसुद्धा डब्यामुळे. ठाऊक असूनही मी म्हणालो —

"होतं. एका लाइनवर दोन्ही लावलं की होतं. तुझ्या आईला एवढं कळायला पाहिजे होतं."

पहिला शब्द एक वेळ भीतीने सुटला असेल. पण ते शेवटचं वाक्य? ते कुणी मागितलं होतं? वैशूने फक्त विचारलं होतं, हो का नाही. आईला दोष मी लावला, माझ्या तोंडाने, तिच्यासमोर. कुसुम झाकण तसंच हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मला नाय हो माहिती. मी रोजच लावते."

रोजच लावत होती. खरंच होतं ते. वैशूला तेवढ्यावरून शंका यायला हवी होती, पण तिचा बाप विजेचा माणूस. बापाने सांगितलं म्हटल्यावर संपलं.

जळका डबा मी गाळ्यावर नेला आणि खोलला. आत बोटाएवढी बारकी कॉइल, दोन-चार फुटलेले भाग, आणि एका बाजूला गमाने चिकटवलेली ही लोखंडी पट्टी. नुसती वजनाला. माझ्यासारख्यांना भुलवायला. ती काढली आणि उरलेला डबा उचलून बघितला. रिकाम्या चहापत्तीच्या पुड्यासारखा लागला.

पट्टी भंगारात टाकायला हवी होती. जेवणाच्या पिशवीत घालून घरी का आणली? मला आजही सांगता येत नाही. सांगायचं असेल मनात. पिशवी कुसुमने रिकामी केली. "हे काय हो?"

"लोखंड आहे. पडलेलं होतं."

"बरंय की. दुधावर ठेवते. ते बोकं लय माजलंय."

आणि ठेवली. तेव्हापासून ती तिथेच.

गंगापूर रोडचं काम दुसऱ्याला गेलं. वैशूने पुन्हा मशीन जुळवलं नाही. पुण्याला नोकरी धरली, लग्नही तिकडेच झालं. ती बॅग घेऊन निघाली त्या दिवशी कुसुम मला म्हणाली, "माझ्यामुळे गेली पोर." मी म्हणालो, "जाऊ दे आता." बघा, काय उत्तर आहे! नाही म्हणालो नाही. जाऊ दे म्हणालो. म्हणजे मोठ्या मनाने माफ केल्यासारखं.

त्यानंतर कुसुम कुठलंही बटण दाबायच्या आधी विचारायला लागली. "लावू का?" मिक्सर असो, इस्त्री असो, गीझर असो. मशीन जळून कधीचं गेलं, लेक सासरी गेली, घरात आम्ही दोघं, तरी स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, लावू का?" मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, "लाव की." बरेचदा ती विचारायच्या भानगडीतही पडायची नाही. पाट्यावर वाटायची. गुडघे दुखायचे, तरी खाली बसून वाटायची.

आणि वर तो घरातला विनोद झाला. आईचा मिक्सर. जावई चेष्टेखोर आहे, मनाने वाईट नाही. म्हणायचा, "आई, पुण्याला येताना मिक्सर नका आणू, अख्खं कोथरूड अंधारात जाईल." सगळे हसायचे. कुसुम पदर तोंडाला लावून हसायची. मी पण हसायचो. सगळ्यात मोठ्याने मी.

दवाखान्यात शेवटी शेवटी तिने वैशूचा हात धरला. "तुझं मशीन जाळलं मी. मनात नको ठेवू."

"आई, काय ते जुनं काढतेस? मी कधीच विसरले."

मी पलंगाच्या पायथ्याशी चहाचा थर्मास घेऊन उभा होतो. दोघींच्या मध्ये फार तर एक वीतभर जागा होती. एक वाक्य मावलं असतं तिथे. मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिलो. घट्टच होतं ते.

दहाव्याला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. भाऊबंद म्हणाले, काही राहिलं नव्हतं हो तिचं, समाधानाने गेली. कावळ्याला काय कळतं?

मागच्या आठवड्यात वैशूचा फोन आला. पुन्हा मोठं मशीन जुळवतेय, घरून काम सुरू करणार. "आप्पा, दुकानदार हजार वॅटचा सप्लाय घ्या म्हणतोय. घेऊ ना?"

"तो सांगेल तो घे. माझं ऐकू नको."

"तुम्ही कधीपासून असं बोलायला लागलात?" ती हसली. मग म्हणाली, "आई असती ना, तर म्हणाली असती, तुझं मशीन चालू असेपर्यंत मी मिक्सरपाशी जात नाही." आणि फोनवर रडायला लागली.

तेव्हा बोलायचं होतं. लेक रडतेय, घरात दुसरं कुणी नाही, फोन कानाला. मी म्हणालो, "जेवलीस का?"

असा मी आहे. म्हातारा झालो म्हणून नाही, तेव्हाही असाच होतो. दुकानदार खरं बोलला होता, त्याला मी खोटा पाडायला गेलो. बायको खरं बोलली होती, तिला मी खोटी पाडली. कुसुमने काही जाळलं नाही. डबा मी आणला, मशीन मी जाळलं, आणि ती बारा-पंधरा वर्षं माझी चूक स्वतःच्या माथी वागवत राहिली.

मिक्सर चालू आहे अजून. चटणी मीच करतो आता, तिच्यासारखी होत नाही. बोकाही कधीचा गेला. तरी सकाळी दूध तापवलं की झाकण ठेवतो आणि झाकणावर पट्टी ठेवतो.

वर्षश्राद्धाला वैशू येतेय. पट्टी तिच्या हातात देईन. "बापरे, जड आहे," असं म्हणेल ती. मग सांगेन कुठली ते. ती काय म्हणेल, पुन्हा या घरात येईल का नाही, ते तिचं. पण आधी जिला सांगायला हवं होतं, तिला मी ही पट्टी रोज सकाळी उचलताना आणि रोज रात्री ठेवताना बघत बसलो.