अर्धा इंच

परळच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आम्ही काही जण टेबलावर बोटाएवढ्या सैनिकांची लढाई खेळतो. एका खेपेला सैनिक सहा इंच चालतो. अंतर स्टीलच्या टेपने मोजायचं आणि टेपचं दुसरं टोक समोरच्याने धरायचं, कारण सैनिक बोटाने हळूच पुढे ढकलणारे आमच्यात कमी नाहीत.

एकदा लालबागचे एक काका खेळायला आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साठी कधीच उलटलेली, पाठ मात्र ताठ. मोजताना ते चष्मा कपाळावर सारायचे, टेबलाशी वाकायचे आणि श्वास रोखून आकडा वाचायचे.

टेबलावरचा पूल घेतला की काका जिंकणार होते. त्यांचा सैनिक अर्धा इंच अलीकडेच थांबला.

"घ्या काका, अर्ध्या इंचाने काय होतंय?" मी म्हणालो.

त्यांनी टेप सावकाश आत जाऊ दिली.

"विसाव्या वर्षी मिलिटरीच्या भरतीला गेलो होतो. उंचीत अर्धा इंच कमी भरलो. मग गिरणीत लागलो." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अर्ध्या इंचाने खूप होतं रे, बाळा."

आता माझी पाळी होती. माझा सैनिकही त्याच पुलाकडे निघाला. दुसरं टोक काकांनी धरलं. मी वाकून आकडा पाहिला.

"नाही पोचत. अर्धा इंच कमी पडतोय," मी म्हणालो.

काकांनी चष्मा वर सारला नाही, वाकूनही पाहिलं नाही.

"पोचला," ते म्हणाले, आणि माझा सैनिक चिमटीत उचलून त्यांनी अलगद पुलावर ठेवला.