वऱ्हाड यायच्या आधीचं गाणं

आमच्या हदगावात लग्नाचा साऊंड एकच जण लावतो. स्पीकर तपासायला मोबाईलवरून कुठल्यातरी अनोळखी बँडचा नवा अल्बम लावतो आणि वऱ्हाड दिसलं की गाणं अर्ध्यातच बंद करतो. म्हणतो, "लोकायला न्हाई आवडत." मी फोटोवाला, लवकर पोचतो. माझ्यासमोर मात्र चालू ठेवायचा.

त्यातलाच एक बँड विष्णुपुरीच्या कॉलेजात आला. साऊंड याचाच होता. "भाऊ, तुम्ही तरी शेवटपर्यंत बसा," म्हणाला. तिसऱ्या गाण्याला पोरं उठली, त्यांच्यामागं मीही. फाटकातून वळून पाहिलं, तर मिक्सर सोडून तो पहिल्या रांगेत एकटाच बसला होता, हात मांडीवर ठेवून.

परवाच्या लग्नात मी पोचलो तेव्हा मंडप रिकामाच होता. मला बघून त्यानं गाणं बंद केलं.